आमच्या गाडीचा काटा वर का जायचा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय फादर आग्नेल, गळ्यात हार पडल्यापासून मान खाली घालून बसलेले आपले सत्कारमूर्ती श्री. ऑगस्टीन लोपीस, त्यांच्या शेजारी मुळीच मान खाली न घालता बसलेल्या लूर्डसबाई, माणिकपूर रिक्षा स्टँडवरची सगळी मंडळी, आसपासचे दुकानदार, आणि ज्यांच्या गाड्या आज सभागृहाबाहेर विनातक्रार उभ्या आहेत असे समस्त गाडीमालक बंधुभगिनींनो,

आयोजकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. पस्तीस मिनिटांच्या तासाची सवय लागलेल्या बाईला पाच मिनिटं देणं हा आयोजकांचा भाबडेपणा झाला. कुणी चिठ्ठी पाठवली तर मी ती वाचून बाजूला ठेवीन, हे आधीच सांगते.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी ऑगस्टीनभाऊंच्या गॅरेजबद्दल पुष्कळ सांगितलं. एकतीस वर्षं एकाच जागी, एकाच पत्र्याखाली त्यांनी गाड्या दुरुस्त केल्या. आता ते आणि लूर्डसबाई पुढच्या आठवड्यात लेकीकडे, इझाबेलकडे, कॅनडाला कायमचे जाताहेत. आयोजकांनी मला विचारलं, बाई, तुम्ही कशावर बोलणार? मी म्हटलं, 'एसी लावला की गाडी गरम का होते' या विषयावर बोलणार. ते हसले. त्यांना वाटलं, बाई गंमत करताहेत. मी या वयात फारशी गंमत करत नाही.

आता माझी ओळख. मी सरोजिनी राऊत, राहणार गास. पहिल्या रांगेत डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर पांढरी टोपी घालून बसलेत ते माझे यजमान, आत्माराम राऊत. गावात लहानथोर सगळे त्यांना तात्या म्हणतात, तेव्हा मीही इथे तात्याच म्हणेन. वय वर्षं शहात्तर. शेजारी आमचा मुलगा सिद्धेश. मी आज काय बोलणार आहे ते या दोघांनाही ठाऊक नाही. सिद्धेश, घड्याळ बघू नकोस.

आमच्या वाडीत एक विहीर आहे. तात्यांच्या आजोबांनी ती खणली. मी लग्न होऊन आले तेव्हा सगळी आळी तिथं पाणी भरायची. गासमध्ये विहिरींना तोटा नव्हता, पण डाळ शिजायची ती आमच्याच विहिरीच्या पाण्यात, असं बायका म्हणायच्या. आमचा पानमळा, केळी, मोगरा, सगळं त्याच पाण्यावर. तात्यांना कुणी माझं कौतुक सांगितलं तर ते 'हं' म्हणायचे. विहिरीचं सांगितलं की खुर्ची ओढून बसायचे.

पुढे नव्वद सालानंतर इमारती उठायला लागल्या. त्यांना पाणी हवं, म्हणून वाड्यांत टँकर शिरले. अनेकांनी आपल्या विहिरींचं पाणी दिलं. मी त्यांना नावं ठेवत नाही, प्रत्येकाच्या घरात काही ना काही निघालेलं असतं. तात्यांनी मात्र दिलं नाही. एक टँकरवाला तीनदा आला. तिन्ही वेळा त्याला चहा मिळाला आणि वाटेला लावण्यात आलं. 'पाणी पिऊन जा, भरून नेऊ नको,' असं तात्यांचं म्हणणं.

अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत तात्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. नंतर तीन महिने आम्ही परळला माझ्या भावाकडे राहिलो, कारण डॉक्टर तिथून जवळ. मेच्या अखेरीस घरी परतायचं ठरलं. घर झाडून घ्यावं म्हणून मी दोन दिवस आधी गासला आले. विहिरीचं पाणी काढलं, चहा टाकला, तर दूध नासलं. वाटलं, दूधच वाईट असेल. दुसरी पिशवी आणून पुन्हा टाकला, पुन्हा नासलं. मग मी नुसतं पाणी तोंडात घेतलं.

खारट. आमच्या विहिरीचं पाणी खारट झालं होतं.

आजूबाजूला इतका उपसा झाला की जमिनीखालून समुद्र आत आला. आम्ही एक थेंब विकला नव्हता, पण खाली जमिनीत कुणाचं कुंपण असतं? मी विहिरीच्या काठावर बसले आणि डॉक्टरांचं वाक्य आठवत राहिले. डॉक्टर म्हणाले होते, 'बाई, यांना वर्षभर तरी जिवाला लागेल असं काही कळू देऊ नका.'

मी कळू दिलं नाही. माझी शाळा माणिकपूरला. शाळेतल्या माझ्या मैत्रिणीच्या, हेलनबाईंच्या घरी नळाला गोडं पाणी यायचं. मी पाच-पाच लिटरचे दोन डबे घेतले आणि रोज शाळा सुटल्यावर ते भरून रिक्षाने घरी आणायला लागले. तात्या पुढच्या पडवीत बसायचे. मी मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरून ते पाणी पिण्याच्या हंड्यात ओतायची. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी हे काम सिद्धेशकडे. स्टँडवरच्या मंडळींनो, आठवतं ना? तुम्ही मला विचारायचात, 'बाई, रोज एवढं रॉकेल कशाला लागतं तुम्हाला?' ते रॉकेल नव्हतं. आज सांगते.

वर्षभर म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. खोटं सुरू करायला एक दिवस पुरतो, बंद करायला मुहूर्तच सापडत नाही. प्रत्येक वेळी वाटायचं, आता नको, गणपती होऊ देत. गणपती झाले की वाटायचं, दिवाळी होऊ दे.

तात्या प्रकृतीनं सुधारत होते, पण गप्प होत चालले होते. पंचायतीच्या पायरीवर जाऊन बसणं बंद झालं. जेवताना बोलणं बंद झालं. पानमळ्यातली पानं कडेनं करपायला लागली, तर आळीतल्या कुणाला न विचारता एकटेच वेलीसमोर उभे राहायचे. एकदा मी कपाट आवरत होते, तर घरातल्या फोटोंच्या मागे त्यांच्या अक्षरात नावं लिहिलेली दिसली. 'हा सिद्धेश, मुलगा.' 'ही सरोजिनी, पत्नी.' वाटलं, माणूस जायची तयारी करतोय. मी फोटो जागच्या जागी ठेवले आणि कुणाला काही बोलले नाही. आमच्या घरात त्या काळात कुणी कुणाला काही बोलतच नव्हतं, असं आता वाटतं.

फादर, तुम्ही घड्याळ बघितलंत. येतेय, गाडीवर येतेय.

आमची छोटी पांढरी गाडी होती. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं की हायवेची धूळ आणि धूर यांच्या छातीत जाता कामा नये, काचा बंद ठेवा. म्हणून सिद्धेशनं गाडीत एसी बसवून घेतला. दर दोन महिन्यांनी तपासणीला मुंबईला जावं लागे. दीड वर्षं सगळं ठीक चाललं. मग दोन हजार सालच्या मार्चमध्ये इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा वर जायला लागला. एसी बंद असला की गाडी शहाण्या मुलीसारखी चालायची. एसी लावला की दहा मिनिटांत काटा वर, आणि आत तात्या. एसी बंद करावा तर धूर, लावावा तर गाडी उकळणार.

एका शनिवारी सिद्धेश आणि मी गाडी घेऊन ऑगस्टीनभाऊंच्या गॅरेजमध्ये गेलो. तात्या घरी होते.

ऑगस्टीनभाऊंची पद्धत तुम्हाला माहीत आहे. बॉनेट उघडायचं नाही. आधी मालकाला लाकडी स्टुलावर बसवायचं आणि प्रश्न विचारायचे. काटा उभ्या गाडीत चढतो का पळत्या? एसी बंद केल्यावर किती वेळात उतरतो? सकाळी पाणी कमी झालेलं असतं का? किती कमी? कोण घालतं? सिद्धेश वैतागला. म्हणाला, 'अहो, पप्पांच्या डॉक्टरनेसुद्धा एवढं विचारलं नव्हतं.' भाऊ म्हणाले, 'डाक्टरला पेशंट सांगतो. मला गाडी सांगत नाय, म्हणून तुला विचारतो.'

मग त्यांनी इंजिन सुरू करून एसी लावला. एसी लावला की पुढचा पंखा फिरायला हवा, तो फिरत होता. पट्टा ताणून पाहिला, तो ठीक होता. पुढच्या जाळीत आमच्या वाडीतला पालापाचोळा, किडे, धूळ असं बरंच अडकलं होतं, ते पाण्याच्या फवाऱ्याने साफ केलं. पुन्हा एसी लावला, पुन्हा काटा वर. सिद्धेश म्हणाला, 'मग एसीच खराब आहे. काढून टाकू.' भाऊंनी नुसती मान हलवली. म्हणाले, 'एसीचा काय दोष नाय. एसीची जाळी रेडिएटरच्या पुढे बसते. आपली सगळी गरमी ती मागच्यावर टाकते. वर इंजिनलापन जास्त ओढावं लागतं. रेडिएटर आधीच अर्धा मेलेला असेल, तर एरवी तो कसंबसं निभावतो. एसी लावला की त्याचं दुखणं बाहेर येतं.'

इंजिन बंद करून, पंख्याची वायर सोडवून, त्यांनी रेडिएटरवरून तळहात फिरवला. मग मला म्हणाले, 'बाई, तुम्ही बघा.' मी कशाला, असं मी म्हणणार होते, पण त्यांच्या गॅरेजमध्ये हात मालकालाच लावावा लागतो, ही दुसरी पद्धत. मी जपून हात लावला. कडेला चटका बसला, आणि मध्ये चांगला वीतभर भाग गार. बाजूला उकळतंय आणि मध्ये गार! भाऊ म्हणाले, 'मधल्या नळ्यांतून पानी जातच नाय. बंद झाल्यात.'

रेडिएटर खाली उतरवून उघडला. आतल्या नळ्यांच्या तोंडाशी पांढरा थर बसला होता, चुन्यासारखा कडक. टोपण सैल झाल्यामुळे रोज थोडं पाणी उडून जात होतं, त्यातला क्षार मात्र आत राहत होता, आणि रोज वर नवीन पाणी पडत होतं. भाऊंनी थराचा एक टवका नखानं काढला आणि विचारलं, 'पानी कुठलं घालता?'

पाणी तात्या घालायचे. सकाळी उजाडलं की विहिरीतून कळशी काढायची आणि त्यातलं तांब्याभर गाडीला. 'माणसांना देतो तेच पाणी गाडीला देतो, ती कशाला कुरकुरेल?' असं म्हणायचे.

मी त्या पत्र्याखाली उभी राहून ऑगस्टीनभाऊंना सगळं सांगून टाकलं. विहीर, ऑपरेशन, हेलनबाईंचा नळ, सगळं. दोन वर्षांत पहिल्यांदा बाहेरच्या माणसाला सांगितलं. आणि वर हात जोडून म्हटलं, 'तात्यांना यातलं काही सांगू नका.'

आता त्यांची तिसरी पद्धत. गाडीतून काढलेली प्रत्येक खराब वस्तू ते पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवतात आणि मालकाला दाखवल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. 'मालकाला दाखवायला लागेल, बाई,' ते म्हणाले. मी म्हटलं, 'हार्टचा माणूस आहे.' ते बराच वेळ फडक्याला हात पुसत राहिले. शेवटी म्हणाले, 'ठीक. पन नळ्या साफ करून आता आत हिरवं कूलंट घालतो, इंजिन थंड ठेवायचं. विहिरीचं पानी एक थेंब जाता कामा नाय.'

संध्याकाळी तात्यांना फोनवर त्यांनी सांगितलं की थर्मोस्टॅट खराब झाला होता, तो बदलला. एकतीस वर्षांत गिऱ्हाइकाशी ते तेवढं एकदाच खोटं बोलले असतील, आणि ते माझ्यासाठी. लूर्डसबाई, तुम्हाला हे माहीत होतं का? नव्हतं ना? मला वाटलंच.

पुढची तपासणी मेमध्ये. कडक ऊन. सिद्धेश गाडी चालवत होता, तात्या त्याच्या शेजारी, मी मागे. घोडबंदरच्या खाडीपुलाच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली होती. काटा वर चढला आणि आम्ही काही करायच्या आत बॉनेटखालून वाफ निघाली. एसी बंद, काचा उघड्या, दोन्ही बाजूंना ट्रकचा धूर. तात्यांचा चेहरा काळपट पडला, टोपीखालून घामाच्या धारा. मी त्यांना पदरानं वारा घालत होते आणि मनात म्हणत होते, सरोजिनी, हा माणूस इथं गेला तर तो तुझ्यामुळे गेला. तासाभरानं एका जीपवाल्या सद्गृहस्थांनी आम्हाला दवाखान्यात सोडलं. देवाची कृपा, काही झालं नाही. तात्या तेवढ्यातही सिद्धेशला म्हणत होते, 'माझंच काहीतरी चुकलं असेल रे. हल्ली माझ्या हातून असंच होतं.' ते वाक्य माझ्या कानावर पडलं, पण मला त्याचा अर्थ कळला नाही.

झालं काय होतं? तात्यांनी एके सकाळी टोपण उघडून पाहिलं, तर आत हिरवं पाणी. त्यांना वाटलं, गॅरेजवाल्यानं कुठल्या डबक्यातलं शेवाळलेलं पाणी भरलंय. त्यांनी ते सगळं खाली सोडून दिलं आणि आपल्या विहिरीच्या पाण्यानं रेडिएटर प्रेमानं भरला. आतली हवा काढायची राहून गेली, म्हणून अर्धं पाणी, अर्धी हवा, आणि गाडी उकळली. हसू नका. त्यांना खरं माहीत असतं तर त्यांनी ते केलं असतं का?

रविवारी ऑगस्टीनभाऊ मिस्सा आटोपून, चर्चच्या इस्त्रीच्या कपड्यांत थेट गासला आले. मला फाटकातच गाठलं. म्हणाले, 'बाई, तुमचं ऐकलं म्हणून तुमचा मानूस पुलापाशी तासभर उन्हात बसला. मी खोटं बोललो, ते माझं चुकलं. आज मी खोटं बोलनार नाय. तुम्ही सांगता, का मी सांगू?'

छत्तीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून शिकवणारी बाई तेव्हा काय म्हणाली? म्हणाली, 'मी चहा टाकते.' आणि आत निघून गेली.

पाच मिनिटांनी पडवीतून हाक आली. 'बाई, स्टोव्ह आना. आनि दोन ताटल्या.' एका ताटलीत त्यांनी विहिरीचं ताजं पाणी घेतलं. दुसरीत हंड्यातलं, प्यायचं पाणी मागितलं. एकेक करून दोन्ही ताटल्यांतलं पाणी स्टोव्हवर आटवलं. तात्या, सिद्धेश आणि मी बघत बसलो. हंड्याच्या पाण्याच्या ताटलीत आटल्यावर जेमतेम एक डाग राहिला. विहिरीच्या ताटलीत पांढरं मीठ उरलं.

भाऊ म्हणाले, 'तात्या, गाडीच्या नळ्यांत हेच बसलंय. एसी लावला की म्हनून तापते.'

तात्यांनी एका ताटलीकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, 'दोन्ही एकाच विहिरीचं ना?'

सांगायचं ते माझं होतं, ते ऑगस्टीनभाऊंनी माझ्यावर सोडलं. मी म्हटलं, 'नाही.' आणि दोन वर्षांचं सगळं त्या पडवीत सांगून टाकलं. सिद्धेश जिभेखाली ठेवायची गोळी मुठीत धरून उभा होता.

तात्यांनी छातीला हात लावला नाही. ते उठले, विहिरीच्या कळशीत बोट बुडवून जिभेवर ठेवलं. 'खारट,' म्हणाले. मग हंड्यातलं पाणी चाखलं. 'गोड.' पुन्हा विहिरीचं, पुन्हा हंड्यातलं. आणि लहान मुलानं विचारावं तसं मला विचारलं, 'म्हणजे मला बरोबर लागत होतं?'

मी म्हटलं, 'हो.'

'माझी जीभ ठीक आहे? मी ठीक आहे?'

मंडळी, मग ते बोलायला लागले. आमचे मामंजी, म्हणजे तात्यांचे वडील, शेवटच्या वर्षांत भ्रमिष्ट झाले होते. त्याची सुरुवात तोंडाच्या चवीपासून झाली. चांगल्या भाताला खारट म्हणायचे, ताटाला हात लावायचे नाहीत. पुढे पोटच्या मुलाला ओळखेनासे झाले. तात्या सकाळी विहिरीवर चूळ भरायचे तर पाणी खारट, घरात येऊन प्यायले तर गोड. त्यांच्या लेखी पाणी एकच होतं. वेली करपत होत्या, पण घरात पाणी गोड, म्हणजे दोष आपल्या हाताचा. त्यांनी दोन वर्षं असं धरलं होतं की आपल्यालाही वडिलांचंच दुखणं लागलंय. उद्या ही माणसं ओळखू येणार नाहीत म्हणून त्यांनी फोटोंच्या मागे आमची नावं लिहून ठेवली होती. मला वाटलं होतं, ते मरणाची तयारी करताहेत. ते आम्हाला विसरायची तयारी करत होते, आणि विसरू नये म्हणून धडपडत होते.

मी ज्या माणसाच्या हृदयाला जपत होते, त्याच्या मनाचं मी काय करून ठेवलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

ते रडले, आम्ही सगळेच रडलो, आणि ऑगस्टीनभाऊ चर्चच्या कपड्यांनिशी आमच्या गाडीखाली जाऊन झोपले. त्यांना तिथं काहीही काम नव्हतं. आम्हाला एकटं सोडायची त्यांना तेवढीच युक्ती सुचली.

मग तात्या म्हणाले, 'मी तुला विचारलं होतं.'

मला काही आठवेना. ते म्हणाले, 'गेल्या श्रावणात. तू तांदूळ निवडत होतीस. मी विचारलं, सरोजिनी, पाणी कसं लागतं गं तुला? तू म्हणालीस, गोड आहे की! असं काय विचारता?'

ते रागावले नव्हते. नुसतं सांगत होते. किती दिवस धीर गोळा करून त्यांनी तो प्रश्न विचारला असेल! मी सुपावरून मान वर न करता उत्तर दिलं होतं, आणि विसरूनही गेले होते.

त्या दुपारी तात्या दोन वर्षांनी पंचायतीच्या पायरीवर जाऊन बसले आणि आमच्या विहिरीचं पाणी खारट झालंय हे त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. विहिरीचं दुःख झालं नाही असं नाही. पानमळा काढला त्या दिवशी ते जेवले नाहीत. पण रात्री मला म्हणाले, 'विहीर गेली ते वाईट झालं. पण मला वाटत होतं, मीच चाललो.' त्या जागेवर त्यांनी नारळ लावले. गाडीचा रेडिएटर ऑगस्टीनभाऊंनी पुन्हा साफ केला, आणि कूलंट बघायचं काम मुद्दाम तात्यांवर सोपवलं. त्यानंतर पाच वर्षं आम्ही त्याच गाडीतून, एसी लावून, तपासणीला गेलो. तात्या सगळी वाट बडबडत असायचे. शेवटी शेवटी मी त्यांना गप्प बसा म्हणायला लागले.

ऑगस्टीनभाऊ, लोक तुम्हाला गाडी दुरुस्त केल्याबद्दल धन्यवाद देतात. तुम्ही माझी विनवणी एकदा ऐकलीत आणि दुसऱ्यांदा ऐकली नाहीत, त्या न ऐकण्याबद्दल मी तुमची आभारी आहे. मी इतकी विनवत होते, दुसरा कुणी असता तर पुन्हा हो म्हणाला असता. तुम्ही जाताय याचं मला फार वाईट वाटतंय, आणि ते मी लपवणार नाही. लूर्डसबाई, यांना तिकडे घरात नुसतं बसवून ठेवू नका. कुणाची तरी गाडी द्या उघडायला.

आयोजकांचे आभार. अध्यक्षांचे आणि तुम्हा सगळ्यांचे आभार, पाच मिनिटांची पंचवीस करू दिल्याबद्दल. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला काही लागलं असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं.

एक माफी मात्र सभागृहाकडे मागण्यासारखी नाही. त्या रविवारी मी रडले, सगळं सांगितलं, चहासुद्धा केला, पण 'माझं चुकलं' हे दोन शब्द बोलले नाही. ऑगस्टीनभाऊ फाटकात उभे राहून सहज बोलून गेले होते ते. मला सहा वर्षं जमलं नाही. घरात रोज समोरासमोर बसतो, तरी जमलं नाही. इथं माईक हातात आहे आणि चारचौघं आहेत, म्हणून आज धीर होतोय.

अहो, तुम्ही मला विचारलं होतंत, आणि मी खोटं सांगितलं. माझं चुकलं. मला माफ करा.

...हे हात हलवून काहीतरी सांगताहेत. काय म्हणताय? मोठ्यानं बोला, इथं ऐकू येत नाही. सिद्धेश, काय म्हणतात रे ते?

बरं, बरं. 'खाली ये, माझ्याशेजारी बस,' म्हणताहेत. येते.

नमस्कार.